किलोमीटर चाकाचे, तास इंजिनाचे

नागपूरच्या गांधीबागेत सकाळी दहा-अकराच्या सुमाराला कपडा बाजाराची शटरं वर जातात आणि त्याच वेळेला गल्ल्यांच्या तोंडाशी लहान मालगाड्यांची रांग लागते. हमाल गाठी उतरवतात, दुसऱ्या गाठी चढतात, एक गाडी निघाल्याशिवाय दुसरीला आत शिरता येत नाही. यातल्या पुष्कळशा गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हातातल्या असतात. अशी गाडी घेणाऱ्याच्या तोंडी दोन प्रश्न ठरलेले. ॲव्हरेज किती देते? आणि आतापर्यंत किती चालली? पहिला प्रश्न इंधनाचा, दुसरा भरवशाचा. मग ‘ॲव्हरेज चांगलं पण गाडी जुनी’ आणि ‘गाडी दणकट पण पिते फार’ अशा दोन पारड्यांत सौदा तोलला जातो. या प्रकरणाचं म्हणणं असं की ही दोन पारडी वेगळी नाहीत. जुन्या गाडीचं ॲव्हरेज हेच तिच्या तब्येतीचं सगळ्यात प्रामाणिक लक्षण आहे. मात्र ते विक्रेत्याला विचारून समजत नाही, मोजावं लागतं. आणि गांधीबागेसारख्या बाजारात राबलेल्या गाडीचे किलोमीटर तिच्या झिजेबद्दल आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी सांगतात.

आधी ॲव्हरेजचा आकडा येतो कुठून ते पाहू. कंपनी जाहीर करते तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून मिळालेला असतो. भारतात हलक्या वाहनांसाठी जे चाचणीचक्र वर्षानुवर्षं वापरलं गेलं ते ११८० सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. त्यात शहरी चालीचे चार फेरे आणि शेवटी मोकळ्या रस्त्याचा एक टप्पा असतो, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, सरासरी वेग ताशी बत्तीस-तेहतीसच्या आसपास. ही चाचणी खोटी नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजायला ती उपयोगाची आहे. पण अग्रसेन चौकातून इतवारीकडे वळल्यावर ताशी बत्तीसची सरासरी दुपारी कोणत्या गाडीला मिळते? भर बाजाराच्या वेळेत इथली चाल पायी चालणाऱ्यापेक्षा थोडीच जास्त असते. गाडी पहिल्या गिअरमध्ये निघते, दुसऱ्यात जाते न जाते तोच पुढे हातगाडी येते, ब्रेक, क्लच, पुन्हा पहिला गिअर. वजनदार गाडीला शून्यातून वेगात आणायला जी ऊर्जा लागते ती प्रत्येक ब्रेकला चाकांच्या ड्रममध्ये उष्णता होऊन उडून जाते. गाडीत माल भरलेला असेल तर ही उधळपट्टी वजनाच्या प्रमाणात वाढते.

त्यात उभ्या उभ्या जळणारं डिझेल मिळवा. पिकअपसारख्या गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल खातं. समजा, एखादी गाडी चालत असताना लिटरला १५ किलोमीटर देते आणि दिवसभरात ३० किलोमीटर फिरते, म्हणजे दोन लिटर. रांगेत, सिग्नलला, माल चढेपर्यंत असं सगळं मिळून तासभर तिचं इंजिन उभ्यानेच चालू राहिलं तर आणखी अर्धा लिटर गेलं. अडीच लिटरमध्ये तीस किलोमीटर, म्हणजे लिटरला १२. गाडीत काहीही बिघाड नसताना पंधराचे बारा झाले. तीच गाडी पारडीकडून बाहेर पडून भंडारा रस्त्याला लागली की पंधरा देईल. म्हणून ‘किती देते’ याचं उत्तर ‘कुठे?’ असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय मिळत नाही. भंडारा-गोंदिया लाइनवर चालणाऱ्याने सांगितलेला आकडा आणि मस्कासाथ ते गांधीबाग फेऱ्या करणाऱ्याने सांगितलेला आकडा, दोघेही खरं बोलत असले तरी, एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे नाहीत.

आता दुसरा प्रश्न, किती चालली. इथे मोठी गफलत होते, म्हणून थोडं थांबून हिशेब करू. मीटर चाकांचे फेरे मोजतं. इंजिन किती वेळ चाललं हे ते मोजत नाही. उसाच्या शेतातला ट्रॅक्टर किंवा बांधकामावरची जेसीबी विकताना कोणी किलोमीटर विचारत नाही, तास विचारतात, कारण यंत्र एका जागी उभं राहूनही झिजतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. हाच न्याय बाजारातल्या मालगाडीला लावा. एक गाडी गांधीबागेत राबली, ६०,००० किलोमीटर, उभं राहण्याचा वेळ धरून सरासरी चाल ताशी १२. तिच्या इंजिनाचे तास झाले ५,०००. दुसरी गाडी अमरावती लाइनवर चालली, दीड लाख किलोमीटर, सरासरी चाल ताशी ५०. तिचे तास झाले ३,०००. दलाल पहिल्या गाडीला ‘कमी चाललेली’ म्हणून जास्त भाव सांगेल. इंजिन मात्र तिचंच जास्त चाललेलं आहे. क्लच प्लेट, सेल्फ, ब्रेक लायनर आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरचे दाते यांच्या बाबतीत तर तुलनाच नको. हायवेवरची गाडी सकाळी एकदा सुरू होते आणि दीडशे किलोमीटरनंतर बंद होते. बाजारातली गाडी दिवसात वीस-तीस वेळा सुरू-बंद होते, आणि क्लच किती वेळा दाबला जातो याची तर मोजदादच नाही. इंजिन पुरेसं गरम होण्याआधीच बंद पडत राहिलं तर ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल आणि पाण्याचा अंश उडून जात नाही, ऑइल पातळ होतं, आणि ऑइल बदलण्याचा ठराव मात्र किलोमीटरवर बांधलेला असतो. दहा हजार किलोमीटरला ऑइल बदला असं पुस्तिकेत लिहिलेलं असेल तर गांधीबागेतल्या त्या चालीने तेवढ्यात आठशेहून अधिक तास उलटून जातात.

यात नागपूरचा उन्हाळा वेगळा धरावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा चालत्या गाडीला समोरून वारा तरी मिळतो. गल्लीत अडकलेल्या गाडीचा सगळा भार रेडिएटर, त्याचा पंखा आणि पाण्याचा पंप यांच्यावर. एक उन्हाळा रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी टाकून काढला की आतल्या नळ्यांत क्षार साचतो, आणि इंजिन दोन-तीनदा तापलं की हेडचं काम निघतं. विकायला ठेवलेल्या गाडीच्या मीटरवर याची कुठेच नोंद नसते.

मग भरवशाची किंमत किती आणि ॲव्हरेजची किती, हे रुपयांत मांडून पाहायला हवं. सोयीसाठी डिझेल लिटरला ९० रुपये धरू आणि वर्षाचे कामाचे दिवस ३००. एक गाडी लिटरला १६ देते, दुसरी १३. दिवसाला ३० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ९,००० किलोमीटर. पहिलीला साधारण ५६२ लिटर लागेल, दुसरीला ६९२. फरक १३० लिटरचा, वर्षाकाठी अकरा-बारा हजार रुपये, म्हणजे रोजचे चाळीसच्या आत. गाडी एक दिवस उभी राहिली की हातचं भाडं जातं, ठरलेल्या गिऱ्हाइकाचा माल पोचवायला दुसरी गाडी भाड्याने घ्यावी लागते, ड्रायव्हरचा रोज द्यावाच लागतो. हा खड्डा दिवसाला नुसता दीड हजाराचा धरला तरी आठ दिवसांत ॲव्हरेजची वर्षभराची कमाई साफ होते, आणि त्यात दुरुस्तीचं बिल अजून धरलेलंच नाही. सणासुदीच्या आधीचा पंधरवडा कपड्याच्या धंद्यात वर्षभराचा कणा असतो. नेमकी तेव्हा गाडी मिस्त्रीकडे उभी राहिली तर गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही.

यावर रास्त आक्षेप असा की डिझेल रोज लागतं, बिघाड कधीतरी होतो, मग रोजच्या खर्चाकडे आधी पाहायला नको का? रोजचा खर्च डोळ्यांसमोर असतो म्हणून तो मोठा वाटतो. पण धावणं वाढलं की हा आक्षेप खरोखरच जड होतो, हे मान्य केलं पाहिजे. वरच्याच दोन गाड्या गांधीबागेतून माल भरून वर्धा किंवा छिंदवाडा लाइनवर रोज १२० किलोमीटर धावल्या तर वर्षाचे ३६,००० किलोमीटर होतात आणि फरक जवळपास ४७,००० रुपयांवर जातो. तिथे ॲव्हरेजला अव्वल मान द्यायलाच हवा. म्हणजे ‘कोणती गाडी चांगली’ याचं उत्तर गाडीत अर्धंच असतं, उरलेलं अर्धं आपल्या रोजच्या फेरीत. गाडी पाहायला जाण्याआधी आठवडाभर आपली फेरी वहीत लिहून काढावी, किती किलोमीटर, किती थांबे, किती वजन.

लिटरला किती किलोमीटर, या मोजण्याच्या पद्धतीतही एक चकवा आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो दाखवून दिला. लोकांना दहावरून बारा आणि अठरावरून वीस या दोन सुधारणा सारख्याच वाटतात, दोन्हीकडे दोनचाच फरक. पण शंभर किलोमीटरला लागणारं इंधन काढा. दहाची गाडी १० लिटर खाते, बाराची ८.३३, वाचले १.६७ लिटर. अठराची ५.५६ खाते, वीसची ५, वाचलं जेमतेम अर्धा लिटर. म्हणून चांगलं ॲव्हरेज देणाऱ्या दोन लहान गाड्यांत ‘ही दोन जास्त देते’ म्हणून वीस-तीस हजार जास्त मोजण्यात अर्थ नाही, आणि जड गाडीचं ॲव्हरेज दहावरून आठवर आलेलं असेल तर त्याकडे काणाडोळा करणं महागात पडतं.

इथून मूळ मुद्द्याकडे येतो. नवीन असताना लिटरला १६ देणारी गाडी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाला आज १२ देत असेल, तर ते चार किलोमीटर गेले कुठे? ऊर्जा हवेत विरत नाही, ती कुठेतरी घासण्यात, गळण्यात किंवा अर्धवट जळण्यात जाते. नोझल झिजलं की डिझेलचा फवारा बारीक होत नाही, ते नीट जळत नाही, काळा धूर येतो. रिंगा झिजल्या की दाब निसटतो, ऑइल जळतं, धूर निळसर येतो. क्लच घसरत असेल तर इंजिन फिरतं पण चाकापर्यंत तेवढा जोर पोचत नाही. ब्रेक चिकटत असतील तर गाडी स्वतःलाच ओढत चालते. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन कायम थंड राहतं आणि जास्त पितं. टायरमध्ये हवा कमी असेल तरीही ॲव्हरेज उतरतं, पण ते दहा मिनिटांत सुधारतं. या बहुतेक दोषांमध्ये एक गोष्ट समान आहे. गाडी रस्त्यात बंद पडण्याच्या कितीतरी महिने आधी ते ॲव्हरेजमध्ये दिसू लागतात. वैद्य नाडी पाहतो तसं हे आहे. म्हणून दोन वेगळ्या मॉडेलांच्या ॲव्हरेजची तुलना करण्यापेक्षा एकाच गाडीच्या आजच्या आणि मूळच्या ॲव्हरेजची तुलना करणं जुन्या बाजारात जास्त कामाचं.

मॉडेलला काहीच महत्त्व नाही असा याचा अर्थ नव्हे. टाटा एस मे २००५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं १६ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं आणि तिची भारक्षमता ७५० किलो होती. मालवाहू तीनचाकी आणि मोठा ट्रक यांच्यामधली रिकामी जागा तिने भरली. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटलं आणि गांधीबागेच्या गल्लीत वळणारी चारचाकी म्हणून ती इथे रुजली. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि सव्वा टनाच्या आसपास भार. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं इंजिन त्याहून जड कामासाठी आणि ग्रामीण रस्त्यांसाठी. यात चुकीची निवड दोन्ही बाजूंनी होते. चारशे किलो माल नेण्यासाठी बोलेरो पिकअप घेतली तर अर्धा दिवस इंजिन स्वतःलाच पोसत बसतं. आणि ७५० किलोच्या गाडीवर रोज सव्वा टन लादला तर ती ॲव्हरेज कदाचित बऱ्यापैकी दाखवेल, पण पाटे, मागचा ॲक्सल, क्लच आणि ब्रेक आपलं आयुष्य झपाट्याने संपवतात. जुनी छोटा हाथी पाहताना म्हणूनच इंजिनाआधी तिच्याखाली वाकून पाहावं. पाट्यांची कमान उलटी झालीय का, चासीवर मागच्या चाकांच्या वर वेल्डिंगचा जाड ओरखडा आहे का, डाल्याचा पत्रा मधोमध खोलगट झालाय का. रंग नवा देता येतो, वाकलेली चासी झाकता येत नाही.

आणखी एक आक्षेप शिकलेल्या गिऱ्हाइकाकडून येतो. शक्य तेवढं नवीन मॉडेल घ्यावं, बीएस ६, म्हणजे भरवसा आपोआप मिळेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ हे धुराचं मानक लागू झालं आणि शहराच्या हवेसाठी ते आवश्यकच होतं. गांधीबागेसारख्या दाट वस्तीत जुन्या डिझेलचा धूर काय करतो हे सांगायला नको. पण बीएस ६ डिझेल गाड्यांमध्ये साधारणपणे काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी जाळायला धुरांड्यातलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग चालावी लागते. दिवसभर गल्लीत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला ही संधीच मिळत नाही. जाळी तुंबते, दिवा लागतो, ताकद उतरते, आणि सेन्सर, उच्च दाबाचा पंप, नोझल हे सगळं कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या हातचं राहत नाही. म्हणून शहरातल्या शहरात चालवायची जुनी गाडी घेताना बीएस ६ डिझेलपेक्षा बीएस ६ पेट्रोलचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टाटा एसची पेट्रोल आवृत्ती किंवा मारुतीची सुपर कॅरी लिटरमागे थोडं कमी देईल, पण वर्षाला नऊ हजार किलोमीटरच्या हिशेबात तो तोटा वर पाहिला तसा सोसण्याजोगा आहे आणि जाळीचं दुखणं टळतं. सीएनजीचं गणित मुंबई-पुण्यावरून उचलून इथे लावू नये. मार्च २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता, मुंबईच्या जवळपास दुप्पट, कारण इथे गॅस पाइपलाइनने नव्हे तर टँकरने येत होता. त्या वेळी मुंबईच्या भावाचा विचार करून गाडी घेतलेल्याचा हिशेब पहिल्याच महिन्यात कोलमडला असता.

कागदांबद्दल थोडक्यात. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं, म्हणजे सात वर्षांची आणि नऊ वर्षांची गाडी यांत नुसत्या वयाचा नव्हे तर दरवर्षीच्या खर्चाचा आणि बुडालेल्या दिवसांचा फरक असतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, ही लहान गाडीची मोठी सोय. कर्जाचा बोजा उतरला आहे का, मालक कितवा, पासिंग आणि विमा कधीपर्यंत, हे परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून समजतं. नोंदणीचा नंबर एमएच ३१, ४० किंवा ४९ असेल तर काम नागपुरातच होतं. बाहेरच्या कार्यालयाची गाडी असेल तर तिथली एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत.

राहिली मोजणी. मिनिटभराच्या चक्करीने काही समजत नाही. गाडी सकाळी पाहावी, इंजिन गार असताना. विक्रेत्याने आपण यायच्या आधीच ती सुरू करून ठेवली असेल तर इंजिनाजवळ हात नेऊन ते लगेच लक्षात येतं, आणि अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत यावं, कारण थंड इंजिन किती सेल्फ मारल्यावर उठतं हे पाहण्याची ती एकच वेळ. उठल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघावं. झाकण भोकावर नाचत असेल आणि आतून धुराचे भपकारे येत असतील तर रिंगा गेल्या, मीटर काहीही म्हणो. मग पंपावर टाकी काठोकाठ भरून घ्यावी, आपल्या नेहमीच्या मालाएवढं वजन टाकावं, आणि जी फेरी आपण रोज करणार तीच करावी, गांधीबाग ते कळमना आणि परत, गर्दीच्या वेळी, किमान चाळीस-पन्नास किलोमीटर होईपर्यंत. त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा टाकी भरावी. गेलेलं डिझेल आणि झालेले किलोमीटर, हा झाला आपल्या रस्त्यावरचा आकडा. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या ओळखीच्या, नीट ठेवलेल्या गाडीने तीच फेरी करून पाहावी. दहा टक्क्यांच्या आतला फरक वयाचा समजावा. वीस टक्क्यांच्या पुढे गेला तर गाडीत काहीतरी खोल दुखणं आहे आणि तपासणीशिवाय तिचा भाव ठरवू नये. तपासायला मिस्त्री आपला न्यावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे.

फेरी संपवून गाडी उभी केल्यावर लगेच खाली उतरून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा, टेकवू नये, नुसती ऊब पाहावी. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून ठेवतो आहे किंवा बेअरिंग जात आलं आहे. ही दुरुस्ती साधारण स्वस्तात होते आणि तिच्याने गेलेलं ॲव्हरेज परत येतं, तेव्हा अशी गाडी नाकारायची नसते, तेवढे पैसे भावातून वजा करून घ्यायची असते. विक्रेता एवढी फेरी करायला, वजन टाकून चालवायला गाडी देत नसेल, तर त्या गाडीचं इंजिन एकदा बांधावं लागणार असं धरूनच आकडा सांगावा, आणि तो मान्य झाला नाही तर रांगेतल्या पुढच्या गाडीकडे जावं.